जुना ट्रॅक्टर आणि गिऱ्हाइकाची वाट

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी सहकारी बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झालो असून हडपसर येथे राहतो. शिरूर तालुक्यातील आमच्या गावी आजोबांनी १९६८ मध्ये घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर गेली अकरा वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. इंजिन अडकलेले नाही. गेल्या दिवाळीत बाहेरून बॅटरी जोडून ते सुरू केले होते. मात्र टायर चिरले आहेत, बॉनेट गंजले आहे आणि डायनामो बाद झाला आहे. भंगारवाल्याने किलोला ३२ रुपये या दराने साधारण ५० हजार देऊ केले आहेत. मुळशीकडील एका कृषी पर्यटन केंद्राचे मालक आहे त्या स्थितीत १ लाख १० हजार द्यायला तयार आहेत. रंगासह पूर्ण दुरुस्तीचा खर्च गॅरेजवाल्याने पावणेदोन लाख सांगितला आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की व्याजदर उतरले, जीएसटी कमी झाला, सोने कुठच्या कुठे गेले, तेव्हा जुन्या वस्तूंचेही भाव चढणारच. कर्ज काढून दुरुस्ती करावी, पाच वर्षे थांबावे, पाच-सहा लाख सहज येतील. परदेशातील लिलावांच्या चित्रफिती तो रोज पाठवतो. बहिणीला काहीही चालेल, फक्त भंगारात देऊ नये. अर्थव्यवस्थेतील चढउतारांचा अशा ट्रॅक्टरच्या किमतीवर खरोखर किती परिणाम होतो? थांबावे की विकावे?

सल्ला

तुमच्या पत्रात तीन भावंडांची तीन मते आहेत, आणि गंमत अशी की त्यांपैकी आर्थिकदृष्ट्या सर्वांत धोक्याचे मत तेच आहे, ज्यात अर्थशास्त्राचा उल्लेख सर्वाधिक आहे. तुमच्या धाकट्या बंधूंनी मांडलेली प्रत्येक घटना खरी आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर ६.५ टक्क्यांवरून खाली आणायला सुरुवात केली, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आणि त्याच वर्षी सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. चूक आहे ती या तिन्ही घटनांवरून काढलेल्या निष्कर्षात, कारण सोन्याला जसा रोज सकाळी एक भाव असतो, तसा जुन्या ट्रॅक्टरला नसतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या कोणत्याही पेढीत तुम्ही आजीची पाटली घेऊन गेलात तर मंदी असो वा तेजी, तासाभरात पैसे हातात पडतात. वाद फक्त घटीचा आणि मजुरीचा. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरला असे दुकान नाही. त्याला वर्षातून एखादे गिऱ्हाईक येते, कधी तेही येत नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि माझा पुढचा सगळा सल्ला तिच्यावरच उभा आहे. जिथे खरेदीदार मोजके असतात, तिथे वाईट काळात भाव पडलेला दिसत नाही. गिऱ्हाईकच नाहीसे होते. विकणारा म्हणत राहतो की माझ्या मालाची किंमत दीड लाख आहे, आणि ते खोटे ठरवायलाही कोणी फिरकत नाही. चांगला काळ आला की तेच गिऱ्हाईक परत येते आणि दीड लाखाच्या जागी सव्वा लाख देऊन जाते, आणि मालकाची समजूत होते की बाजार स्थिर होता. म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत अर्थव्यवस्थेचा परिणाम रुपयांत मोजण्यापेक्षा महिन्यांत मोजावा, म्हणजे विक्रीला किती महिने लागतात त्यावरून. तुमच्याकडे आज एक खरे गिऱ्हाईक आहे. ही बाब व्याजदरापेक्षा मोठी आहे.

आता ‘अर्थव्यवस्था’ हा शब्द थोडा फोडून पाहू, कारण तुमच्या शेडच्या दारात जी माणसे येतात किंवा येऊ शकतात, त्यांतील प्रत्येक जण वेगळ्या अर्थव्यवस्थेतून आलेला असतो.

भंगारवाला जो ३२ रुपये भाव सांगतो, तो त्याच्या मनाचा नसतो. आपल्याकडचे लोखंडी भंगार बहुतांशी पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांकडे जाते, जालना हे त्यातले मोठे केंद्र आहे, आणि तिथे त्याच्या सळया होऊन त्या पुन्हा पुण्याच्याच एखाद्या इमारतीत येतात. त्यामुळे बांधकामाचा जोर, आयात भंगाराचा भाव आणि डॉलरचा दर या तिन्ही गोष्टी तुमच्या ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत पोहोचतात. २००८ च्या उन्हाळ्यात जगभर पोलाद आणि भंगार यांचे भाव शिखरावर गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोसळले. माझ्या मामांनी त्या मे महिन्यात त्यांचा जुना झेटॉर ट्रॅक्टर भंगारात काढला, आणि हिशेबाने पाहिले तर त्यांना उत्तम भाव मिळाला. दिवाळीनंतर तोच भाव निम्मासुद्धा राहिला नाही. तरीही ती गोष्ट निघाली की मामा अजून गप्प होतात, कारण तो झेटॉर चालू स्थितीत होता. भंगाराची तेजी अशी दोन्ही बाजूंनी काम करते. ती जुन्या ट्रॅक्टरचा तळभाव वर उचलते, आणि त्याच वेळी चालते-बोलते ट्रॅक्टर भट्टीत ढकलून उरलेल्यांची संख्या कमी करते. तुमच्यासाठी मात्र यातला उपयोगाचा भाग एवढाच, की ५० हजार हा तुमचा तळ आहे, तो भंगाराच्या भावाप्रमाणे वरखाली होईल, पण भंगाराला गिऱ्हाईक उद्याही असेल, आणि म्हणून त्याच्याकडे आज धावण्याची काहीही गरज नाही. ताईंच्या इच्छेला इथे व्यवहाराचाही पाठिंबा आहे.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे ज्याला ट्रॅक्टर कामाला हवा आहे. त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या बंधूंचा सगळा तर्क नकळत त्याच्याच भोवती फिरतो. जुन्या ट्रॅक्टरला आपल्या जिल्ह्यात निवृत्ती नसते. नांगरटीतून सुटला की तो पाण्याच्या टँकरला जुंपला जातो, मुरमाची ट्रॉली ओढतो, किंवा पाठीवर कॉम्प्रेसर घेऊन विहिरीच्या ब्लास्टिंगच्या कामावर जातो. चाकण, रांजणगाव, वाघोली या पट्ट्यात प्लॉटिंग आणि बांधकाम जोरात असले की अशा ट्रॅक्टरला मागणी असते. पण हा माणूस जुना ट्रॅक्टर घेतो तो नवा परवडत नाही म्हणून, आणि नेमके इथे बंधूंचे गणित उलटे पडते. जीएसटी सात टक्क्यांनी उतरला तेव्हा ३५ अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरची किंमत चाळीस हजारांच्या आसपास कमी झाली. त्यावर कर्जही स्वस्त झाले. जो माणूस पाच वर्षे वापरलेला ट्रॅक्टर शोधत होता तो नव्याकडे वळला, जो पंधरा वर्षांचा शोधत होता तो पाच वर्षांच्याकडे सरकला, आणि या उतरंडीच्या तळाशी असलेल्या यंत्राला विचारणारे कमी झाले. नव्या ट्रॅक्टरच्या खरेदीदारासाठी जी आनंदाची बातमी, ती कामाच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी वाईट बातमी असते. याच्या उलटही घडते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे नवे, कडक निकष लागू झाले, नवे मोठे ट्रॅक्टर महागले, आणि त्याचा आधार त्या गटातल्या जुन्या ट्रॅक्टरना मिळतो. तुमचा बी-२७५ त्या गटात बसत नाही.

शिवाय ५८ वर्षांच्या ट्रॅक्टरवर कोणतीही बँक कर्ज देत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याचा व्यवहार रोखीचा. तेव्हा रेपो दर पाव टक्क्याने उतरला म्हणून त्याच्या खरेदीदाराच्या खिशात पैसा वाढत नाही.

आणि ‘अर्थव्यवस्था चांगली की वाईट’ हा प्रश्नही शेतीच्या बाबतीत किती फसवा आहे, याचे उदाहरण फार जुने नाही. २०२०-२१ या वर्षात देशाची एकूण अर्थव्यवस्था आकुंचन पावली, शहरांत पगार कापले गेले, आणि त्याच वर्षी भारतात नव्या ट्रॅक्टरची विक्री नऊ लाखांच्या घरात, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर पोहोचली, कारण पाऊस चांगला झाला होता आणि शेतीची कामे थांबली नव्हती. उलट ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि पुढच्या मे महिन्यात ती खुली होईपर्यंत, देशाचा विकासदर उत्तम असताना, तुमच्या शिरूरसकट जुन्नर, आंबेगाव, खेड या कांद्याच्या तालुक्यांत माणसे पाकिटाला हात लावत नव्हती. त्या हिवाळ्यात मला आलेल्या पत्रांत जुनी अवजारे विकू पाहणाऱ्यांची संख्या वाढली होती आणि घेऊ पाहणारा एकही नव्हता. भाव पडले का, असे मला तेव्हा कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते, कारण व्यवहारच होत नव्हते.

आता तिसरे गिऱ्हाईक. मुळशीचे गृहस्थ या वर्गातले आहेत, आणि तुमचा बी-२७५ आज ज्या किमतीवर उभा आहे ती याच वर्गाने दिलेली आहे: हौसेची, आठवणीची, देखाव्याची. या किमतीचे शास्त्र समजून घ्यायचे तर थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल, कारण जुने ट्रॅक्टर जमवण्याचा छंद तिथे दोन पिढ्या चालला आहे आणि त्याने तेजी-मंदीची पूर्ण चक्रे पाहिली आहेत.

सत्तरच्या दशकात, विशेषतः १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने मोठी धान्यखरेदी केल्यानंतर, अमेरिकी शेतकऱ्याला चांगले दिवस आले, जमिनीचे भाव चढले, आणि चढत्या जमिनीच्या तारणावर त्याने नवी यंत्रे घेतली. मग महागाई रोखण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवत नेले. १९८०-८१ मध्ये ते २० टक्क्यांच्या घरात गेले. आयोवा राज्यात १९८१ ते १९८६ या काळात शेतजमिनीची किंमत साठ टक्क्यांहून अधिक घसरली. शेते लिलावात निघाली, आणि तुमच्या ट्रॅक्टरवर जिचे नाव आहे त्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा शेती-यंत्रांचा विभागही १९८५ मध्ये विकला गेला. त्या काळात खळ्यात पडलेल्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरला भंगारापलीकडे कोण विचारणार? पण हीच यंत्रे पुढे, हाती पैसा आणि सवड असलेल्या माणसांनी शोधून शोधून घेतली. ती माणसे कोण होती, यात सगळे रहस्य आहे. ज्यांनी बारा-तेरा वर्षांच्या वयात वडिलांच्या फार्मॉल ट्रॅक्टरवर किंवा दोन सिलिंडरच्या जॉन डिअरवर पहिल्यांदा स्टिअरिंग धरले, ती मुले साठीला पोहोचली होती, त्यांची कर्जे फिटली होती आणि त्यांना तोच ट्रॅक्टर परत हवा होता. शेतमालाला भाव चांगला असला की त्यांची बोली वाढे, नसला की ती घरी थांबत. आज ती पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे, त्यांचे संग्रह वारसांकडे येत आहेत, आणि वारसांना शेडमधली जागा मोकळी हवी आहे. अशा वेळी दुर्मीळ यंत्रे टिकतात. जी लाखोंनी बनली ती मऊ पडतात. ब्रिटनमध्ये १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसनचा करड्या रंगाचा टीई-२० पाच लाखांहून अधिक बनला. हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन बिंदूंच्या हायड्रॉलिक जोडणीला, म्हणजे मागे अवजार अडकवून ते तेलाच्या दाबाने उचलण्याच्या व्यवस्थेला, ज्याने घराघरात पोहोचवले तो हा ट्रॅक्टर, इतिहासात त्याचे स्थान पक्के, आणि तरीही तो तिथल्या छंदिष्टांसाठी स्वस्तातला ट्रॅक्टर मानला जातो. कीर्ती वेगळी आणि दुर्मीळता वेगळी.

बी-२७५ ची गोष्ट याच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. १९५८ पासून तो ब्रिटनमध्ये डॉनकास्टर येथे बनत होता. इकडे महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला त्याचे उत्पादन सुरू केले. तुमच्या आजोबांनी तो १९६८ मध्ये घेतला, म्हणजे ट्रॅक्टरसाठी नंबर लावून ताटकळत बसावे लागे त्या काळात घेतला. घराण्याच्या इतिहासात त्याला मोल आहे, यात शंका नाही. पण हे मॉडेल आपल्याकडे पुढेही अनेक वर्षे बनत आणि विकले जात राहिले, महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गॅरेजवाल्याला ते पाठ आहे, सुटे भाग मिळतात. ही चालवणाऱ्यासाठी सोय आहे आणि संग्राहकासाठी उदासीनतेचे कारण. हाच ट्रॅक्टर जर जर्मन लान्झ बुलडॉग असता, किंवा फरिदाबादच्या कारखान्यातून १९५९ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या आयशरपैकी एखादा असता, तर मी तुम्हाला घाई करू नका, असे एका ओळीत कळवले असते.

आपल्याकडचा हौशी खरेदीदार कुठून येतो, तेही पाहा. शेतीवर जगणारा माणूस शोभेचा ट्रॅक्टर घेत नाही. घेतो तो पुण्यात स्थिरावलेला, पंचावन्न ते सत्तर वयाचा, ज्याच्या वडिलांकडे हाच ट्रॅक्टर होता आणि ज्याच्याकडे आता भोर किंवा वेल्ह्याला एखादे फार्महाउस आहे. त्याच्याकडचा जादा पैसा जमिनीच्या व्यवहारातून, रिंगरोडच्या मोबदल्यातून, शेअर बाजारातून किंवा मुलाच्या आयटीतल्या पगारातून आलेला असतो. दुसरा येतो तो कृषी पर्यटनवाला. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, टाळेबंदीनंतर शहरी कुटुंबे शनिवार-रविवारी मोकळ्या हवेसाठी बाहेर पडू लागली, आणि केंद्रांना मुलांच्या फोटोसाठी बैलगाडी, मोट, जाते आणि जुना ट्रॅक्टर हवा झाला. म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरची १ लाख १० हजार ही किंमत पावसावर किंवा कांद्यावर अवलंबून नाही. ती हिंजवडी-खराडीच्या पगारांवर अवलंबून आहे. ज्या वर्षी तिथे नोकरकपातीच्या बातम्या येतील, त्या वर्षी घराचे हप्ते चालू राहतील, शाळेची फी भरली जाईल, आणि सर्वांत आधी बंद होईल ती मुळशीची सहल. मग केंद्राचे मालक तुम्हाला कमी भाव सांगणार नाहीत. ते फोनच करणार नाहीत.

बंधूंच्या चित्रफितींबद्दल थोडक्यात. त्यांतला ट्रॅक्टर निवडक असतो, वर्षानुवर्षे खपून नटवलेला असतो, आणि ज्यांचे ट्रॅक्टर विकले गेले नाहीत त्यांच्या चित्रफिती कोणी काढत नाही. पौंडाला रुपयांनी गुणले की आकडा मोठा दिसतो, पण त्या देशात बी-२७५ आधीच भरपूर आहेत, आणि शिरूरहून इंग्लंडला कंटेनर पाठवून वर तिथले कर भरण्याइतके अंतर त्या किमतीत नाही.

आता आकडे. दुरुस्तीसाठी पावणेदोन लाख १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता ३,९०० रुपयांच्या आसपास बसतो आणि एकूण फेड सुमारे २ लाख ३४ हजार होते. शिवाय आज न घेतलेले १ लाख १० हजार मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर पाच वर्षांत ते सुमारे दीड लाख झाले असते, हा त्याग खर्चातच धरायला हवा. बेरीज पावणेचार लाखांच्या पुढे जाते, आणि त्यात शेडची डागडुजी, बॅटरी, विमा आणि येण्याजाण्याचे डिझेल नाही. म्हणजे पाच वर्षांनी चार लाख देणारा माणूस भेटला तरी तुम्ही जेमतेम बरोबरीत याल. तुम्ही आयुष्यभर इतरांची कर्जप्रकरणे तपासलीत; हा अर्ज तुमच्या टेबलावर आला असता तर त्यावर तुम्ही काय शेरा मारला असता?

तरीही बंधूंच्या बाजूने एक मुद्दा आहे. ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा गॅरेजवाल्याने दिलेला अंदाज जुन्या दराने आहे का, ते विचारून भाग आणि मजुरी यांची वेगवेगळी फोड मागा. मजुरी मात्र उतरत नाही, आणि या कामात मोठा हिस्सा मजुरीचाच असतो. रंगाच्या बाबतीत तर मी स्पष्ट सांगते, की एक रुपयाही घालू नका. खरा जाणकार खरेदीदार मूळ रंगाचा उडालेला पापुद्रा आणि त्याखालची अक्षरे शोधत असतो. गावच्या गॅरेजमध्ये मारलेला चकचकीत लाल रंग त्याला परत फिरवतो. पर्यटन केंद्रवाल्याला रंग हवा असेल तर तो त्याच्या आवडीचा त्यालाच मारू द्या.

माझे मत असे, की ट्रॅक्टर पैशासाठी ठेवू नये. विकायचा असेल तर मुळशीच्या गृहस्थांना आत्ताच विकावा, आणि त्यासाठी आठ-दहा हजारांपलीकडे खर्च करू नये: टाकीतले जुने डिझेल काढून टाका, फिल्टर आणि इंजिन ऑइल बदला, चालू स्थितीतली बॅटरी लावा, आणि ते बघायला येतील त्या दिवशी इंजिन सेल्फवर सुरू होईल असे पाहा. चालणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकल्यावर माणूस ज्या रीतीने भाव करतो, ती रीत बंद ट्रॅक्टरपुढची नसते. तुम्ही १ लाख ३५ हजार मागा, सव्वा लाखापर्यंत ताणा, आणि ते १ लाख १५ हजारांवर अडले तर सोडून देऊ नका. बोलणी दिवाळीच्या सुट्यांपूर्वी पूर्ण करा, कारण केंद्रांचा हंगाम तेव्हा सुरू होतो आणि नव्या वस्तूंची खरेदी त्याआधीच उरकली जाते. त्यांच्याकडे गेल्यास ट्रॅक्टर भंगारातही जात नाही आणि ताईंना तो हवा तेव्हा पाहताही येतो.

न विकण्याचा पर्यायही मी चुकीचा मानत नाही, पण मग त्याला गुंतवणूक म्हणू नका. देवघरातल्या समईचा आपण बाजारभाव काढत नाही. वर्षाकाठी शेड, तेलपाणी आणि बॅटरी यांचा पाच-सहा हजारांचा खर्च तिघांत वाटून घ्या, पावसाळ्याआधी ट्रॅक्टर ठोकळ्यांवर चढवून चाकांवरचा भार काढा, आणि पाच वर्षांनी किती येतील हा विषय घरात काढू नका. बंधूंना दुरुस्तीची खरोखर हौस असेल तर त्यांनी ती स्वतःच्या पैशाने करावी, आणि त्याआधी ताईंचा व तुमचा हिस्सा १ लाख १० हजारांच्या हिशेबाने त्यांनी देऊन टाकावा. माझा अनुभव असा, की स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ आली की पाच-सहा लाखांच्या अंदाजाचा फेरविचार होतो.

विंटेज नोंदणीविषयी तुम्ही विचारले नाही, पण बंधू विचारतील. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना विंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि अशी वाहने नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शनात ठेवायच्या ट्रॅक्टरसाठी हा खर्च खरेदीदाराला करायचा असेल तर तो करील, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत अर्ज कसा घेतला जातो हे त्याने आधी आरटीओत विचारावे. तुम्ही यात पडू नका.

यापेक्षा महत्त्वाचा कागद वेगळा आहे. आरसी बुक बहुधा अजून आजोबांच्याच नावावर असेल. मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१ चा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि इतर वारसांची संमती लागते, आणि आजोबा ते तुम्ही या दोन पिढ्यांच्या मध्ये आजोबांचे इतर वारसही, म्हणजे काका-आत्यांची घरेही येतात. ती संमती आज, किंमत १ लाख १० हजार असताना, सहज मिळेल. बुक सापडले तर त्यावरचा तीन अक्षरांचा जुना क्रमांक आणि ट्रॅक्टरच्या पाटीवरचे चासी व इंजिन क्रमांक जुळतात का, ते पाहून त्यांचे फोटो काढून ठेवा. जुळत असतील तर मुळशीला फोन करताना पहिले वाक्य तेच असू द्या, कारण इतक्या जुन्या ट्रॅक्टरला जुळणारे कागद असणे हेच तुमच्या बी-२७५ चे खरे दुर्मीळपण आहे, आणि माझ्या अंदाजात मी जे वरचे पंधरा-वीस हजार धरले आहेत, ते त्याचेच आहेत.